मुखपृष्ठाचे चित्र

संगीताच्या मासिकावर तरुण गायकांचे छायाचित्र झळकते. पाहणाऱ्यास ते क्षणाचे काम वाटते; परंतु त्यामागे पुष्कळ पूर्वतयारी असते.

मुलांनो, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून बनलेला हा काळा कातळ ६१ मीटर उंच आहे. त्याचे उभे खांब गायकांच्या मागे शोभून दिसतील. परंतु चतुर छायाचित्रकार आधी जागा पाहून येतो व परवानगी मिळवतो. सूर्य माथ्यावर आला म्हणजे डोळ्यांखाली गडद सावल्या पडतात. म्हणून तो सकाळचे कोवळे ऊन निवडतो. कातळ काळा, तेव्हा वस्त्रे उजळ ठरवतो. गायक अल्पवयीन असल्यास आईवडिलांची संमती घेतो. कड्याच्या टोकावर मात्र तो कोणासही उभे करीत नाही. चित्र पुन्हा काढता येते. गेलेला जीव परत येत नाही.