वायफायला कडी लावा

रात्री निजताना आपण दाराला कडी लावतो. गोठ्याचे फाटक ओढून घेतो. मग घरात वायफाय आले, तर त्याला कडी नको का? हवी. ती कशी लावायची, ते आज पाहू.

वायफाय म्हणजे बिनतारी जोडणी. घरात एक लहान पेटी असते. तिला राउटर म्हणतात. तारेतून इंटरनेट पेटीपर्यंत येते. पेटीतून लहरी निघतात. त्या लॅपटॉपला मिळतात. पण लहरी भिंतीतूनही पार जातात. जुहूसारख्या दाट वस्तीत त्या शेजारच्या घरात, जिन्यात, रस्त्यावरही पोचतात.

याच जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. टपालात पाकीट असते, कार्डही असते. पाकीट बंद असते. कार्ड वाटेत कोणीही वाचावे. कडी नसलेले वायफाय कार्डासारखे आहे. त्यावरून उघडा गेलेला मजकूर जवळपासचा जाणकार माणूस वाचू शकतो.

याहून मोठा धोकाही आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या थोडे आधी धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला. तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोचला. तिथे एक अमेरिकी गृहस्थ राहत होते. ई-मेल त्यांचा नव्हताच. त्यांच्या उघड्या वायफायचा फायदा दुसऱ्यानेच घेतला होता. तरी पोलीस आधी आले ते त्यांच्याच दारी. बघा, चोर कोण आणि चौकशी कोणाची!

आता कडी लावू या.

१. राउटरच्या तळाशी एक पत्ता छापलेला असतो. तो लॅपटॉपवर उघडा. कारखान्यातून आलेला पेटीचा पासवर्ड आधी बदला. तो पुष्कळांना ठाऊक असतो.

२. सिक्युरिटी या जागी डब्ल्यूपीए२ निवडा. सोबत एईएस असावे. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप घेऊ नका. ते कसे फोडावे, हे २००१ सालीच उघड झाले.

३. वायफायला वेगळा पासवर्ड द्या. निदान ८ अक्षरे लागतातच. आम्ही म्हणतो, १५ ठेवा. मुलाचे नाव, गावाचे नाव, फोन नंबर नको. एकमेकांशी नाते नसलेले चार शब्द जोडा.

४. डब्ल्यूपीएस नावाची सोय असेल, तर ती बंद करा.

आता जुन्या लॅपटॉपचे पाहू. विंडोज ७ ला डब्ल्यूपीए२ चालते. विंडोज एक्सपी असेल, तर त्यात २००८ सालचा सर्व्हिस पॅक ३ हवा. तरीही जोडणी होत नसेल, तर वायफायचा जुना भाग अडवत असेल. तेव्हा काय करावे? काही जण घराचे कुलूपच हलके करतात. तसे करू नका हो! एका म्हाताऱ्या बैलासाठी साऱ्या वाड्याचे कुंपण कोणी मोडते का? लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. काम भागेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. कंपनीने एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. विंडोज ७ ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. वायफायला कडी लागली, तरी असा लॅपटॉप आतून कच्चाच राहतो. त्यावर बँकेचे काम करू नये.

विचार करा आणि सांगा:
१. लहरी भिंतीपाशी थांबतात का?
२. सानपाड्याच्या गृहस्थांची चौकशी का झाली?
३. तुमच्या घरच्या पेटीचा पासवर्ड कारखान्याचा आहे, की तुम्ही ठेवलेला?