घराचा गारवा आणि विजेचे बिल



एप्रिल-मे महिन्यांत घरभेटीला गेलो की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : "फादर, उकाडा सोसवत नाही," आणि "फादर, लाइटचं बिल फार आलं." दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण आधी उष्णता घरात येऊ देतो आणि मग पैसे मोजून ती बाहेर काढतो.

ही उष्णता येते कोठून? आपल्या वसईच्या घरांत तिच्या मुख्य वाटा तीन : छप्पर, पश्चिमेची भिंत आणि खिडकी. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई आणि पडवी भिंतीवर सावली धरी. आज डोक्यावर स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो व रात्री ती धग खाली सोडतो. उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले तर बरेचसे ऊन परत फिरते. खिडकीवरचे ऊन मात्र काचेच्या बाहेरच अडवावे, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन घरात शिरलेलेच असते. बाहेरून बांबूची चटई किंवा एखादा वेल पुरतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणालाच गारवा देत नाही. आपली हवा दमट असल्याने विदर्भात उपयोगी पडणारा कूलर येथे फारसा चालत नाही. येथे समोरासमोरच्या खिडक्या उघडून समुद्राकडचा वारा घरात खेळू द्यावा.

मग एसी लावणे चूक आहे का? नाही. घरात वृद्ध, आजारी किंवा तान्हे बाळ असेल तर ती गरज आहे. जीव धोक्यात घालून वीज वाचवू नये. पण हिशेब माहीत असावा. ७५ वॅटचा साधा पंखा साधारण तेरा तासांत १ युनिट वीज घेतो. दीड टनाचा एसी जोरात चालला तर तेवढी तासाभरातच घेतो. तो १८ ऐवजी २४ अंशांवर ठेवावा. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. शिवाय एसी उष्णता नाहीशी करीत नाही, ती फक्त बाहेर टाकतो; अनेकदा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घातक उपभोगाचे उदाहरण म्हणून एसीच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला होता.

आज दुपारी चार वाजता घरातल्या भिंतींना आणि खिडक्यांना हात लावून पाहा. जिथे चटका बसेल तिथून सुरुवात करा. आणि वरच्या मजल्यावर कोणी आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर तरुणांनो, चुन्याची पहिली बादली त्यांच्या गच्चीवर न्या.