पेटीतलं जहाज, आपलं जहाज

॥ श्री ॥

ओझर (मिग), जि. नाशिक

चि. मुक्ता,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. खोका उघडल्याबरोबर फेविकॉलला हात न लावता सगळे भाग आधी यादीशी ताडून पाहिलेस, हे मला फार आवडलं. बहुतेकांचं काम पहिल्याच संध्याकाळी घाईपायी बिघडतं.

तुझ्या पत्रात एक प्रश्न आहे आणि एक तक्रार. प्रश्न तुझा: या दोन डोलकाठ्यांच्या इंग्रजी ब्रिगचं आंग्र्यांचं गुराब करता येईल का? तक्रार तुझ्या आईची: एवढे पैसे घालून आणलेलं किट सांगितल्याबरहुकूम जोडायचं, तर त्यात डोकं कुठे लागतं? आधी तक्रारीचं बोलतो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघेल.

ताईला म्हणावं, तुझं माहेर किट जोडूनच शिकलं. 1964 साली ओझरला विमानाचा कारखाना आला. पहिली मिग-21 इथे घडली नाहीत, इथे जोडली गेली. रशियातून पेट्या यायच्या, आमच्या आधीची मंडळी त्यातले सुटे भाग ड्रॉइंग बघून बसवायची. मग एकेक भाग इथे होऊ लागला, आणि पुढे पत्रा-सळईपासून विमान उभं राहायला लागलं. सुखोईच्या वेळीही तोच क्रम होता. 2000 सालच्या डिसेंबरात 140 विमानांचा करार झाला आणि टप्पे आधीच आखले गेले: सुरुवातीला तयार भाग जोडायचे, नंतर थोडे थोडे इथे करायचे, शेवटी कच्च्या मालापासून. 2004 मध्ये इथली पहिली सुखोई हवाई दलाकडे गेली ती जोडणीतलीच होती. कच्च्या मालाचा टप्पा बराच नंतर आला. मधली पायरी कोणी गाळली नाही आणि जोडणीच्या पायरीवर कोणी कायमचं बसूनही राहिलं नाही.

तुझ्या आवडत्या आरमाराचीही हीच कथा. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. 1659 साली ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र त्यांच्यावाचून वाढलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. किट जोडताना प्रत्येक भाग असा का आहे हे कळून घ्यायचं. ज्याचं कारण कळलं तो भाग बदलायला तू मोकळी. ज्याचं कळलं नाही, त्याला हात लावायचा नाही.

कारखान्यात एखादं भोक दोन मिलिमीटर सरकवायचं झालं तरी कागद फिरायचा: काय बदललं, का बदललं, कोणी मान्य केलं. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. पण त्या कागदावर ‘असंच बरं दिसतं’ हे कारण चालायचं नाही, आणि त्यातच त्याचं मोल होतं. तूही एक वही घाल. डाव्या पानावर किटने काय सांगितलं, उजव्या पानावर तू काय केलंस आणि का. काही बदललं नसेल तर उजवं पान रिकामं राहिलं तरी हरकत नाही. पण बदल लिहिलास तर ‘का’चा रकाना रिकामा राहता कामा नये.

आता गुराब. पुढे सोंड चिकटवून आणि वर भगवा लावून ब्रिगचं गुराब होत नाही. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात गुराबांचं बारकाईने वर्णन करून ठेवलं आहे. दोन डोलकाठ्यांचं गुराब दीडशे टनांच्या आतलं, तीन डोलकाठ्यांचं तीनशे टनांच्या घरातलं. पाण्यात कमी बुडणारं, लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळतं होत जाणारं. पुढे गोल छाती नाही, तर लांब नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, बाहेर आलेली. मुख्य डेक आणि ती नाळ यांच्यामध्ये एक आडवी भिंत, त्या भिंतीला झरोके आणि त्यांतून समोर रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. नाळेवरचा डेक मात्र उघडाच, दोन्ही बाजूंना कठडा नाही.

कठडा का नाही, हे बघ. अशी लांब नाक असलेली नाव समोरच्या लाटेत जोरात डोकं घालते. कठडा असता तर आत आलेलं पाणी तिथेच साठलं असतं आणि नाक आणखी खाली गेलं असतं. कठडा नाही म्हणून पाणी आल्या वाटेने निघून जातं. आता एखाद्याने शोभेसाठी तिथे सुबक नक्षीचा कठडा लावला, तर चित्र छान दिसेल आणि जहाज पहिल्या मोठ्या लाटेत गोत्यात येईल. कारण न समजता केलेला बदल म्हणजे हेच.

तुझ्या ब्रिगचं बूड खोल आहे आणि छाती भरदार. तासून गुराब करायला गेलीस तर चौकटीच शिल्लक राहायच्या नाहीत. पण भगवा लावायची तुझी हौस प्रामाणिकपणे पुरी करायचा एक मार्ग आहे. आंग्रे जिंकून आणलेली जहाजंही आपल्या आरमारात वापरत. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘रेस्टोरेशन’ त्यांनी असंच धरलं होतं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा ते तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यात होतं. त्यावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि ती पसरून सगळं आरमार जळालं. तेव्हा तुझं ब्रिग हे आंग्र्यांनी धरून आणलेलं इंग्रजी जहाज समज. भगवा शोभेल आणि खोटंही होणार नाही.

मात्र मग साल पाळावं लागेल. 1756 च्या आधीचं जहाज म्हटलंस, तर खोक्यातले तांब्याचे पत्रे खोक्यातच राहू देत. बुडाला तांबं मढवण्याचा पहिला प्रयोग इंग्रजी आरमाराने 1761 साली केला. त्याआधी बुडाला लेप देत, आपल्याकडे चुना आणि तेल. त्यामुळे पाण्याखालचा भाग मळकट पांढरा रंगव. आखूड, जाड नळीच्या कॅरोनेड तोफाही बाजूला ठेव, त्या 1770 नंतरच्या. ओढायचे दोर किटमध्ये फिकट दिले असतील, तिथे काथ्याचा तपकिरी रंग दे, कारण कोकणात दोर काथ्याचे. एवढं करूनही सांगाड्याचा आकार थोडा पुढच्या काळातला राहीलच. पाटीवर तसं लिहून टाक. एका जहाजावर दोन सालं नांदवू नकोस, मग काम कितीही सुबक झालेलं असो.

कारणासह केलेला बदल कसा असतो, याचा एक नमुना सांगतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. तिचा आराखडा इंग्रजांचा, आणि इंग्रजांनी तो घेतला होता ‘हेबे’ या पकडलेल्या फ्रेंच फ्रिगेटवरून. विलायतेहून धाडलेली तिची पहिली रेखाटनं वाटेतच बुडाली, कारण ज्या ‘जावा’ जहाजावर ती होती ते 1812 च्या डिसेंबरात अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं. दुसरा संच मागवावा लागला. वाडियांच्या गोदीत आकार तोच राहिला, लाकूड मात्र बदललं: ओकच्या जागी मलबारी साग. ओक लोखंडी खिळे खातो, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. परक्याचा आराखडा, पण लाकूड आणि हात इथले.

हे वाचून तू साग आणायला धावशील म्हणून आताच सांगतो, लहान जहाजाला साग नको. तुझं किट चौसष्ट पटींनी लहान आहे, पण सागाची रेघ लहान होत नाही. ती भल्या मोठ्या नाल्यांसारखी दिसते. हलदू बघ, रेघ बारीक आणि रंग पिवळसर. शिवणही चालेल. ट्रीनेल म्हणजे लाकडी खिळे दाखवायचे असतील तर बांबूच्या काडीसारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी जाड पुठ्ठ्याचा एक माणूस काप, उंची 26 मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस या मापात तेवढाच होतो. काहीही नवं बसवण्याआधी त्याला शेजारी उभा कर. कठडा त्याच्या छातीला लागतो का? झाकणातून तो खाली उतरेल का? सुकाणूच्या चाकाला त्याचे हात पोचतात का? किटमधल्या कितीतरी चुका हा पुठ्ठ्याचा तांडेल तुला दाखवून देईल.

मग सांगाडा. कण्यावर आडव्या चौकटी बसल्या की प्रत्येक चौकट गुण्यातून तपास. त्यानंतर कडांना उतार द्यायचा. पुढच्या आणि मागच्या चौकटींच्या कडा सरळ ठेवल्यास तर फळी नुसत्या टोकावर टेकेल आणि पोटाला खड्डे पडतील. पॉलिश पेपर बोटावर धरून घासू नकोस. लांब सपाट पट्टीला चिकटव आणि एका वेळी तीन-चार चौकटींवरून फिरव. एक पातळ पट्टी वाकवून लावून बघ. ती प्रत्येक चौकटीच्या पूर्ण जाडीवर टेकली, की झालं.

फळ्यांचं गणित सोपं आहे, पण लोक ते करत नाहीत. जहाजाचं पोट कलिंगडासारखं असतं, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळतं, म्हणून फाकही टोकांना निमुळतीच हवी. कागदाच्या पट्टीने मधल्या चौकटीची कड मोज. समज ती 100 मिलिमीटर भरली आणि फळी 5 मिलिमीटर रुंद आहे, तर 20 फळ्या लागतील. आता नाळेजवळची कड मोज. ती 60 भरली, तर त्याच 20 फळ्या तिथे 3 मिलिमीटरच्या व्हायला हव्यात. प्रत्येक चौकटीवर हेच कर, खुणा कर आणि रंध्याने उतरव. फळी निम्म्यापेक्षा बारीक होऊ लागली तर पुढे नेऊ नकोस, शेजारच्या फळीत खाच करून तिथेच संपव. मागे उलट होईल, फट पडेल. तिथे पाचर बसव. जबरदस्तीने कडेवर वाकवलेली फळी आज गप्प बसते आणि दोन महिन्यांनी उठते. वाकवायची ती गरम पाण्यात भिजवून, साच्याभोवती रात्रभर बांधून ठेव. आणि एक फळी डावीकडे लावलीस की दुसरी लगेच उजवीकडे. एकच बाजू भरत गेलीस तर कणा पिळवटतो.

डेकच्या पट्ट्या सबंध लांबीच्या लावू नकोस. खऱ्या फळ्या चोवीसेक फुटांच्या असतात, म्हणजे तुझ्याकडे साधारण 11 सेंटिमीटर. सांधे एकाशेजारी एक येऊ देऊ नकोस. कडेला पेन्सिल ओढलीस की डांबर भरलेल्या फटी दिसतात.

दोरांत जे डोलकाठीला कायमचे धरून असतात ते काळे, कारण त्यांना डांबर लावत. जे ओढायचे-सोडायचे त्यांना डांबर नाही, ते वर सांगितल्याप्रमाणे काथ्याच्या तपकिरी रंगाचे. दोऱ्याला मेण लाव, नाहीतर त्यावर लव दिसते. डोलकाठीवर चढायच्या दोराच्या आडव्या पायऱ्यांमधलं अंतर साडेपाच मिलिमीटर ठेव. मागे रेघा मारलेलं कार्ड धर आणि त्यावर गाठी मार. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, आणि पाहणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा तिथेच जातं.

हवेचं एक ध्यानात ठेव. तुझी रत्नागिरी दमट, आमचं ओझर एप्रिल-मेमध्ये कोरडं ठणठणीत. पावसाळ्यात तिकडे फुगलेल्या फळ्या चिकटवून जहाज उन्हाळ्यात इकडे आणलंस तर सांधे उघडणार. म्हणून पट्ट्या घरात चांगल्या मुरू दे, फळ्यांचं काम पावसाळा संपल्यावर काढ आणि आतून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात फिरव.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी मला इथे मिळत नाही. मिरकरवाड्याला जा, दुरुस्तीला ओढलेली लाकडी होडी आतून बघ, फळीवरून हात फिरव, सुताराला विचार की ही फळी इथेच का संपवली. विजयदुर्गाला जाणं झालं तर वाघोटण खाडीत गिर्ये इथली मराठ्यांची जुनी गोदीही बघून ये. माझ्या दहा पत्रांपेक्षा ते जास्त शिकवेल.

आता तुझे टप्पे. या ब्रिगला वर सांगितले तेवढेच बदल. पुढच्या जहाजाला दोर आणि कप्प्या तुझ्या हातच्या. त्यापुढच्याला फळ्या तुझ्या, खोक्यातून फक्त सांगाडा. आणि मग गुराब: किट नाही, खोका नाही, ड्रॉइंगपासून सगळं तुझं. तेव्हा नाळेला कठडा का नाही, हे तुला कोणी सांगावं लागणार नाही.

चौकटी बसल्या की फोटो पाठवू नकोस, मापं पाठव. प्रत्येक चौकटीवर कण्यापासून डावी आणि उजवी कड किती, असा तक्ता करून. कुठेही एक मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर फळी लावायची नाही, आधी मला कळवायचं.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. वहीत पहिल्या पानावर आजची तारीख घाल.

तुझा,
मामा