कर्णधाराचा निर्णय आणि पारावरचे पंच

कबड्डीचा सामना संपला की मैदान रिकामे होते. परंतु सामना खऱ्या अर्थाने संपतो असे नाही. तो गावातील पारावर पुन्हा नव्याने सुरू होतो. आमच्या शाहपुरात हे दृश्य आम्ही नेहमी पाहतो. केळीच्या बागेतून परतलेली वडीलधारी माणसे, बुऱ्हाणपुरास शिकावयास जाणारे तरुण आणि आम्ही शाळेतील मुले असे सारेच तेथे पंच होतात. "त्याला चढाईस पाठवायलाच नको होते," असे एक म्हणतो. "गडी राखायचे सोडून उगीच घाई केली," असे दुसरा म्हणतो. तिसरा तर सामना पाहावयास आलेलाही नसतो, तथापि त्याचे मत सर्वांत ठाम असते!

या चर्चेत मौज आहे, आणि ती बंद व्हावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु गतवर्षी एक गोष्ट घडली आणि आम्ही विचारात पडलो. आमच्याच बरोबरीचा एक मुलगा एका सामन्यात कर्णधार होता. शेवटच्या काही मिनिटांत त्याने घेतलेला निर्णय फसला आणि संघ हरला. त्या रात्री पारावर त्याला जे ऐकावे लागले त्यानंतर दोन महिने तो मैदानाकडे फिरकला नाही. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. तो चुकला होता काय, आणि चुकला असल्यास नेमके कोठे, हे त्या रात्री कोणीच विचारले नाही. ते विचारण्याची रीत कोणती, हे शोधण्यासाठी हा लेख आहे. त्या मुलाकडे आम्ही शेवटी येऊ. आधी थोडे दूर जाऊ.

फेब्रुवारी १९७१. भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. कर्णधार होते मुंबईचे अजित वाडेकर. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली होती. म्हणजे त्यांच्या चुकांची वाट पाहणारे डोळे कमी नव्हते. किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने संपूर्ण वाया गेला. खेळ सुरू झाल्यावर भारताचे पाच गडी अवघ्या ७५ धावांत तंबूत परतले. तेथून दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा काढून डाव उभा केला, एकनाथ सोलकर यांनी ६१ धावांची साथ दिली, आणि धावसंख्या ३८७ वर गेली. उत्तरादाखल वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. भारताची आघाडी १७० धावांची झाली.

आता नियम पाहा. पाच दिवसांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यास फॉलोऑन देण्यासाठी, म्हणजे लागोपाठ दुसरा डाव खेळावयास लावण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते. १७० धावा म्हणजे तीस कमी. तेव्हा आता भारतच पुन्हा फलंदाजीस येणार, असे कोणासही वाटावे. परंतु नियमाच्या पुस्तकात आणखी एक वाक्य आहे. सामन्याचा पहिला दिवस पूर्णपणे वाया गेला असेल, तर सामना उरलेल्या दिवसांचा समजावा. आणि चार दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी १५० धावा पुरतात. वाडेकरांना हे वाक्य ठाऊक होते. ते वेस्ट इंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांच्याकडे गेले आणि पुन्हा फलंदाजी करावी असे त्यांनी कळविले. समोरच्या खोलीत उडालेल्या गोंधळाची कल्पना वाचकांनीच करावी.

ही युक्ती होती, पण लबाडी नव्हती. कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकली गेली नाही. दोन्ही संघांना जो नियम खुला होता तो एका कर्णधाराने वाचलेला होता, एवढेच. आमच्या मते खेळातील सर्वांत देखणी युक्ती ती हीच.

मग निकाल काय लागला? सामना अनिर्णित राहिला. रोहन कन्हाय यांनी नाबाद १५८ आणि सोबर्स यांनी ९३ धावा काढल्या. वेस्ट इंडीजने पाच गडी गमावून ३८५ धावा केल्या. पारावरचा पंच येथे ताबडतोब म्हणेल, "मग फॉलोऑन देऊन मिळविले काय? गोलंदाज मात्र दमविले!" हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. आधीच एक डाव टाकून झालेल्या गोलंदाजांना लगेच पुन्हा राबविणे हा फॉलोऑनमधील खरा धोका असतो. परंतु वेळेचा हिशेब करावा. चारच दिवसांचा सामना; भारत पुन्हा फलंदाजीस उतरता तर वीस गडी बाद करण्यास वेळ उरला नसता. जिंकण्याचा जो एकच मार्ग होता तो वाडेकरांनी धरला, आणि त्यात हरण्याचा धोकाही फारसा नव्हता. तो मार्ग विजयापर्यंत गेला नाही, याचे कारण कन्हाय आणि सोबर्स उत्तम खेळले. प्रतिस्पर्ध्याचे कर्तृत्व हे आपल्या कर्णधाराच्या चुकांच्या खात्यावर मांडणे हा हिशेबाचा दोष होय.

पुढील कसोटी पोर्ट ऑफ स्पेन येथे झाली. तेथे दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांच्या हाती चेंडू देण्यात आला. त्यांनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स या दोघांना बाद केले. सोबर्स तर शून्यावर. भारत सात गड्यांनी जिंकला. आता दुराणींना चेंडू देणे शहाणपणाचे ठरले, ते बळी मिळाले म्हणून, की ते देण्यासारखे होते म्हणून? समजा, त्या दिवशी लॉइडने त्यांना दोन षट्कार मारले असते. चेंडू देण्यामागचा विचार तर तोच राहिला असता. निर्णयाच्या क्षणी कर्णधारास जे ठाऊक असते आणि सामन्यानंतर आम्हांस जे ठाऊक होते, या दोहोंत निकालाएवढे अंतर असते. पारावरील बहुतेक भांडणे हे अंतर विसरल्यामुळे होतात.

युक्ती आणि लबाडी यांतील रेषा मात्र नेहमी इतकी स्पष्ट नसते. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी येथील कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच, क्रीझ सोडून पुढे सरकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला धावबाद केले. त्याच दौऱ्यातील एका आधीच्या सामन्यात मंकडांनी त्याला ताकीद दिली होती आणि मग बादही केले होते. तरीही गहजब झाला. अशा रीतीने बाद करण्यास मंकडांचेच नाव चिकटले, आणि तेही दूषण म्हणून. विशेष हे की ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी आपल्या पुस्तकात मंकडांचीच बाजू घेतली. क्रिकेटच्या नियमकर्त्यांना मात्र तेथवर येण्यास पुष्कळ वर्षे लागली. २०२२ साली त्यांनी हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातला.

याच्या शेजारी १ फेब्रुवारी १९८१ चा मेलबर्न येथील सामना ठेवून पाहावा. न्यूझीलंडला बरोबरी करण्यासाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी आपले धाकटे बंधू ट्रेव्हर यांस चेंडू हाताखालून, जमिनीवरून सरपटत टाकावयास सांगितले. षट्कार अशक्य झाला. तेव्हाच्या नियमात हे बसत होते. पुढे नियमच बदलावा लागला. दोन्ही कृत्ये नियमात बसणारी, पण आम्हांस ती सारखी वाटत नाहीत. ब्राउन अंतर चोरीत होता आणि मंकडांनी चोरी पकडली. मेलबर्नच्या फलंदाजाने काहीच चोरले नव्हते. त्याला खेळण्याची संधीच नाकारण्यात आली. वर्गात यावर मतभेद झाले, आणि अजून आहेत.

आपल्या खो-खोत ही रेषा फार सुंदर आखलेली आहे. पाठलाग करणाऱ्याने नजरेने कितीही हुलकावणी द्यावी. पण खो देताना स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकाच वेळी झाला पाहिजे. नजरेने फसविण्यास मुभा, शब्दाने नाही.

आता आपल्याच मध्यप्रदेशातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९७१ साली भारताने वेस्ट इंडीज आणि पाठोपाठ इंग्लंड जिंकले, तेव्हा इंदुरात त्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारण्यात आली आणि तीवर विजयी खेळाडूंची नावे आली. 'विजय बल्ला' या नावाने ती ओळखली जाते. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, वाडेकरांचाच संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर तर सारा डाव ४२ धावांत गडगडला. तेव्हा लोकांनी तीच बॅट विद्रूप केली, आणि मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. फॉलोऑनचे ते वाक्य वाचून ठेवणारा माणूस तीन वर्षांत निर्बुद्ध झाला होता काय?

आता आमच्या मुलाकडे येऊ. सामना हल्लीच्या, म्हणजे २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे घरोघरी माहीत झालेल्या नियमांनी होता. चार मिनिटे उरली होती, संघ दोन गुणांनी मागे होता आणि मैदानात तीनच गडी होते. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड यशस्वी झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. आपण चढाईत त्यांचा एक गडी बाद केला तर आपला एक गडी परत येतो, चार होतात, आणि दोन गुणांची ती संधी जाते. म्हणून त्याने ठरविले की चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडून रिकामेच परत यावे आणि प्रतिस्पर्ध्याची वाट पाहावी. पारावर याच गोष्टीला 'भित्रेपणा' म्हटले गेले. वस्तुतः मोठमोठे संघ हेच करतात.

परंतु लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. हा नियम दोघांनाही लागू. आम्ही पाटीवर क्रम मांडला: आमची पहिली रिकामी, त्यांची पहिली, आमची दुसरी, त्यांची दुसरी; आणि मग तिसरी, सक्तीची, ती आमचीच! प्रतिस्पर्धीही हुशार होता. तोही रिकामा परत जात राहिला. आमचा गडी सक्तीच्या चढाईत पकडला गेला, दोघे उरले, आणि पुढे लोण चढला. त्यांची एक चढाई आधीच रिकामी गेलेली असती, तर सक्तीची पाळी प्रथम त्यांच्यावर आली असती आणि आमच्या तिघांना हवी ती संधी मिळाली असती.

म्हणजे तीन गडी राखणे ही चूक नव्हती. रिकाम्या चढाया मोजल्या गेल्या नाहीत, ही चूक होती. आणि त्या मोजण्याचे काम बाहेर बसलेल्या राखीव गड्यांनाही करता आले असते. त्या दिवशी बाहेर बसलेले राखीव गडी आम्हीच होतो.

हे आम्ही त्याला जाऊन सांगितले. त्याने पाटी हातात घेतली, क्रम पुसून पुन्हा मांडला, आणि म्हणाला, "दुसऱ्या चढाईतच बोनस घ्यायला पाठवायला हवे होते, तेव्हा त्यांचे सहा गडी आत होते." सहा होते की पाच, यावर आमचा वाद अद्याप चालू आहे.