धावणे-सायकल-धावणे : शर्यतीला अंगावर काय असावे?

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली आज आपल्या बहुतेक वस्त्यांत दिसतात. सायकलही अनेक घरांत असते. कुणी तिच्यावर शाळेला जाते, कुणी कामाला, कुणी पहाटे पेपर टाकायला. या दोन्हींचा मेळ असलेली एक शर्यत पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत होऊ लागली आहे. तिला ड्युएथलॉन म्हणतात. आधी धावायचे, मग सायकल चालवायची आणि सायकल ठेवून पुन्हा धावायचे. पोहणे नसल्याने तलावाची फी भरावी लागत नाही. त्यामुळे आपल्या मुला-मुलींना ही शर्यत जमण्यासारखी आहे.

नाव नोंदवायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो कपड्यांचा. फोटोतले स्पर्धक अंगाला चिकटलेला, एकसंध, महागडा पोशाख घातलेले दिसतात. ‘आपल्याकडे तसले काही नाही,’ म्हणून मुले मागे हटतात. मुलगी असेल तर आई-वडिलांच्या मनात आणखी एक शंका येते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. तो पोशाख घेतलाच पाहिजे असे नाही. मात्र हाताला लागेल ते घालूनही चालत नाही. चुकीच्या कपड्याने मांड्या सोलतात, पायाला फोड येतात, उष्णतेचा त्रास होतो आणि सायकलवरून पडण्याची वेळही येते.

आधी शर्यत समजून घ्या

छोट्या, म्हणजे ‘स्प्रिंट’ प्रकारच्या शर्यतीत साधारणपणे ५ किलोमीटर धावणे, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी २.५ किलोमीटर धावणे असते. ‘स्टँडर्ड’ प्रकारात हेच अंतर १०, ४० आणि ५ किलोमीटर होते. पहिल्यांदा उतरणाऱ्याने छोटीच शर्यत निवडावी.

मध्ये कपडे बदलायला आडोसा नसतो आणि वेळही नसतो. सायकली उभ्या केलेल्या जागेत यायचे, हेल्मेट घालायचे आणि निघायचे. म्हणजे सुरुवातीला जे अंगावर असेल तेच शेवटपर्यंत राहणार.

सायकलवर समोरून वारा लागतो. घाम लगेच सुकतो आणि अंग गार वाटते, त्यामुळे किती घाम गेला हे कळत नाही. सायकल ठेवून पुन्हा धावायला लागलो की तो वारा थांबतो. पाय जड झालेले असतात, ऊन वर आलेले असते आणि शरीर एकदम तापू लागते. सकाळच्या गारव्यात बरा वाटलेला कपडा या वेळी नकोसा होतो. म्हणून कपडा निवडताना शेवटच्या धावण्याचा विचार आधी करावा.

कोणताही कपडा, नवा असो की जुना, तीन प्रश्नांवर तपासावा. तो घाम सुकू देतो का? तो कुठे घासतो का? तो सायकलमध्ये अडकू शकतो का?

पहिला प्रश्न : घाम सुकतो का?

घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो सुकल्याने होते. एक लिटर घाम अंगावरून सुकून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. जो घाम टपकून जमिनीवर पडला त्याचा शरीराला गारवा मिळत नाही.

रोजच्या वापराला सुती कपडा उत्तमच आहे. पण सुती बनियन किंवा जाड टी-शर्ट घाम पितो आणि धरून ठेवतो. अर्ध्या तासात तो ओला, जड होतो आणि अंगाला चिकटून घासू लागतो. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे त्याचा पातळ, जाळीदार विणीचा कपडा लवकर सुकतो. कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या संघाला मिळालेली पातळ जर्सी या कामाला चालते. रंग फिका असावा, कारण उन्हात गडद कपडा जास्त तापतो. उघड्या अंगाने धावण्याचा विचार करू नये. त्वचा भाजते, आणि अशा शर्यतींच्या नियमात धड झाकलेले असणे आवश्यक असते.

मुंबई आणि कोकणात हवा दमट असते. तिथे घाम मुळातच हळू सुकतो, म्हणून कपडा आणखी पातळ आणि वेग थोडा कमी ठेवावा. नाशिककडे हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी असते. म्हणून जाड स्वेटर घालून निघू नये, तो पुढे ओझे होतो. सायकलवर छातीला वारा लागू नये यासाठी जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी घालण्याची सायकलपटूंची जुनी युक्ती आहे. नंतर ती काढून सायकलजवळ ठेवता येते.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. वजन उतरवण्यासाठी काही मुले जाड जॅकेट किंवा प्लॅस्टिकचा कपडा घालून धावतात. त्याने घटते ते शरीरातले पाणी, चरबी नव्हे. पाणी प्यायले की वजन पुन्हा तेवढेच होते. पण मधल्या वेळेत शरीर तापून जिवावर बेतू शकते. हा प्रकार कुणीही करू नये.

दुसरा प्रश्न : कुठे घासते का?

मांड्यांची आतली बाजू, जांघ, काख, ब्राचा पट्टा जिथे बसतो ती जागा आणि पुरुषांची स्तनाग्रे या ठिकाणी कपडा काचतो. घामातले मीठ त्यात भर घालते. कपडा उलटा करून आतली शिवण बोटाने चाचपावी. जाड, टोचणारी शिवण जांघेत येत असेल तर तो कपडा बाजूला ठेवावा.

सायकलिंगच्या चड्डीला आत गादी असते. लांब पल्ल्याला ती उपयोगी पडते, पण जाड गादी घामाने भिजली की धावताना दोन पायांत ओझे होते. २० किलोमीटरसाठी, सीटची सवय असेल तर, गादीशिवाय चालते. घ्यायचीच असेल तर पातळ गादीची घ्यावी आणि तिच्या आत वेगळी अंतर्वस्त्रे घालू नयेत, कारण त्यांची शिवणच काचते. साध्या शॉर्टच्या आत मांडी झाकणारी, अंगाबरोबर बसणारी पातळ चड्डी घातली की मांडीला मांडी घासत नाही.

निघण्याआधी काचणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी. ती नसेल तर खोबरेल तेल चालते, पण ते लवकर निघून जाते. पुरुषांनी स्तनाग्रांवर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी.

तिसरा प्रश्न : कुठे अडकते का?

सायकलची चेन उजव्या बाजूला असते. सैल ट्रॅक पँटचा उजवा पाय तिच्यात सापडतो आणि माणूस तोंडावर पडतो. पँट घोट्याशी निमुळती असावी किंवा रबराने, क्लिपने बांधावी. बुटाची नाडी सुटून पॅडलभोवती गुंडाळली जाते, म्हणून तिची टोके बुटात खोचावीत. ओढणी आणि सैल सलवार सायकलच्या शर्यतीत नकोच, ओढणी चाकात गेली की गळ्याला फास बसू शकतो. गळ्यातली साखळी, बांगड्या, कडे घरीच ठेवावे.

मुलींसाठी, आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी

मुलीने तोकडे कपडे घातले तरच शर्यत पळता येते, असे मुळीच नाही. घोट्यापर्यंतची पातळ, अंगाबरोबर बसणारी लेगिंग आणि लांब बाह्यांची पातळ जर्सी घालूनही ती उतरू शकते. उलट उन्हापासून तेवढे संरक्षणच मिळते. कपडा किती लांब असावा हे तिच्या सोयीने तिने ठरवावे. घरच्यांनी पाहायचे ते वरचे तीन प्रश्न.

खरी गरज असते ती योग्य मापाच्या स्पोर्ट्स ब्राची. धावताना छाती हलते आणि दुखते. त्या दुखण्यामुळे आणि संकोचामुळे कित्येक मुली धावणे सोडून देतात. ब्रा घालून दुकानातच चार उड्या मारून पाहाव्यात. आधार मिळाला पाहिजे, पण श्वास मोकळा घेता आला पाहिजे. आयांनी हा खर्च चैनीचा समजू नये.

शर्यत पाळीच्या दिवसांत आली तरी, त्रास नसेल तर भाग घेता येतो. निघण्याआधी पॅड बदलावे, पातळ पॅड घ्यावे आणि खालचा कपडा गडद रंगाचा असावा. सायकलच्या सीटवर पॅड काचते का, हे आधी सरावात पाहून घ्यावे. लांब केसांची वेणी मानेजवळ खाली घालावी, म्हणजे हेल्मेट नीट बसते.

पायात आणि डोक्यावर

छोट्या शर्यतीला सायकलचे वेगळे बूट लागत नाहीत. धावण्याच्या बुटांवरच सायकल चालवावी, बदलण्याचा वेळही वाचतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोज्यासह घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ओल्या सुती मोज्यांनी फोड येतात, म्हणून पातळ नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे मोजे बरे.

हेल्मेटशिवाय शर्यतीत सायकल चालवूच देत नाहीत. मोटरसायकलचे हेल्मेट जड असते आणि त्यात वारा जात नाही, म्हणून ते चालत नाही. सायकलच्या हेल्मेटवर आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ असा सुरक्षेचा शिक्का पाहावा. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटे असावी, पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतकाच पट्टा सैल असावा. जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. म्हणूनच कुणाचे वापरलेले घेताना ते कधी आपटले आहे का, हे विचारावे.

एक नियम पाठ करावा. सायकल जागेवरून उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि सायकल परत जागेवर ठेवल्यानंतरच तो काढायचा. यात चूक झाली की दंड होतो, शर्यतीतून बादही करतात.

स्पर्धकाचा क्रमांक बऱ्याच शर्यतींत सायकलवर पाठीमागे आणि धावताना पुढे दिसावा लागतो. त्यासाठी पट्टा विकत घेण्याची गरज नाही. शिलाईच्या दुकानातून कमरेच्या मापाचे इलास्टिक आणावे, त्याला दोन सेफ्टी पिनांनी क्रमांक लावावा आणि गरजेप्रमाणे मागे-पुढे फिरवावा.

पैसे आधी कशावर?

हाती पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवावा : पहिले हेल्मेट, दुसरे बूट, मुलींसाठी त्याच बरोबरीने स्पोर्ट्स ब्रा, मग मोजे आणि खालची चड्डी. जर्सी शेवटी, कारण ती बहुधा घरात असतेच. एकसंध पोशाखाचा विचार चार-पाच शर्यती झाल्यावर करावा. वस्तीतल्या मंडळाने दोन-तीन मापांची हेल्मेटे घेऊन ठेवली तर अनेक मुलांची सोय होईल. बूट, मोजे आणि अंतर्वस्त्रे मात्र एकमेकांची वापरू नयेत.

शर्यतीआधी रंगीत तालीम

शर्यतीच्या दिवशी नवी वस्तू अंगावर घालू नये. दोन आठवडे आधी एका रविवारी, शर्यत ज्या वेळी असेल त्याच वेळी, सगळा पोशाख घालून २ किलोमीटर धावावे, ८ किलोमीटर सायकल चालवावी आणि पुन्हा १ किलोमीटर धावावे. घरी आल्यावर अंग पाहावे. जिथे लाल झाले असेल तिथला कपडा बदलावा किंवा जेली लावावी. त्यानंतर पुन्हा एकदा करून पाहावे.

शर्यत संपल्यावर

ओले कपडे अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नये. सोबत कोरडा कपडा न्यावा आणि लगेच बदलावा. ओलसर जांघेत नायटा, म्हणजे गजकर्ण, लवकर होतो आणि एकाच टॉवेलने तो घरभर पसरतो. कपडे धुऊन उन्हात पूर्ण वाळवावेत. लहान घरात, पावसाळ्यात हे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. अशा वेळी पातळ पॉलिस्टरच्या कपड्याचा आणखी एक फायदा होतो, तो रात्रभरात घरातही सुकतो. खाज सुटली तर दुकानातून विचारून कुठलेही मलम आणू नये. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा जास्त पसरतो. सरकारी दवाखान्यात दाखवावे.

ही लक्षणे दिसली तर थांबा

चक्कर, उन्हात असूनही अंगावर काटा, मळमळ, पाय लटपटणे यांपैकी काही जाणवले तर शर्यत सोडून सावलीत बसावे. कुणी असंबद्ध बोलू लागला, पडला, तर तो उष्माघात असू शकतो, मग त्याला घाम येत असला तरी. त्याचे कपडे सैल करावेत किंवा काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. गाडी येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

पुढच्या शर्यतीला घरातले कुणी उतरणार असेल तर आजच त्याची जर्सी, चड्डी आणि बूट समोर ठेवावेत. प्रत्येक वस्तूला तेच तीन प्रश्न विचारावेत आणि येत्या रविवारी तालमीला सुरुवात करावी.