उन्हाळ्यातील थंड मठ्ठा : चार गोष्टींची निगा

वैशाखात नांगरट, धसकटे वेचणे व शेणखत पसरणे ही कामे एकदमच येतात. अशा वेळी घरच्या दह्याचा, कोथिंबीर व पुदिना घातलेला दाट मठ्ठा कष्टकऱ्यास अन्न व पाणी दोन्ही देतो. घामावाटे गेलेले पाणी व मीठही त्याने काही अंशी भरून निघते. परंतु मठ्ठा शिजविला जात नाही. म्हणून दही, पाला, पाणी व भांडे यांपैकी एकातही दोष असल्यास तो थेट पोटात जातो.

दही : दूध चांगले उकळून कोमट होऊ द्यावे. बोटास सोसेल इतकीच ऊब असताना लिटरभर दुधास चमचाभर ताजे विरजण लावावे. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. लागताच ते थंड जागी हलवावे. उबेत राहिल्यास जिवाणूंची वाढ चालूच राहून दही आंबट होते.

पाला : परसात मोरीच्या सांडपाण्यावर पुदिना वाढविण्याची चाल अनेक घरी आढळते. कच्चा खावयाच्या पाल्यास असे पाणी देणे धोक्याचे आहे. त्याचा वाफा वेगळा करून त्यास स्वच्छ पाणी द्यावे. उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर येते. यास्तव धने रगडून त्यांची दोन दले करावीत, रात्रभर भिजवावीत व दुपारची सावली मिळेल अशा वाफ्यात पेरावीत. कीटकनाशक फवारलेला पाला मठ्ठ्यात घालू नये. पाला सकाळी खुडून तीन पाण्यांत धुवावा. धुण्याने माती जाते, पण सर्व रोगजंतू जात नाहीत, हे ध्यानात असावे.

पाणी : उकळून थंड केलेले पाणीच घ्यावे. बाजारातील बर्फ कोणत्या पाण्याचा, हे समजत नाही. तो मठ्ठ्यात टाकू नये.

भांडे : एका गावी लग्नाच्या पंगतीसाठी केलेला मठ्ठा कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात रात्रभर राहिला. दुसऱ्या दिवशी जिलेबीबरोबर तो प्यालेल्या कित्येकांस उलट्या झाल्या. दह्यातील आम्लाने पितळेतील तांबे मठ्ठ्यात उतरते. ह्यासाठी पोलादी, काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरावे.

कृती : एक लिटर सायीसह दही रवीने गुठळ्या मोडेपर्यंतच घुसळावे, अधिक घुसळल्यास लोणी सुटून दाटपणा जातो. त्यात एक लिटर पाणी, दोन लहान चमचे मीठ व एक चमचा भाजून कुटलेले जिरे घालावे. आल्याचा पेरभर तुकडा व एक हिरवी मिरची वाटून मिसळावी. मूठभर कोथिंबीर व दहा-बारा पुदिन्याची पाने वाढावयाच्या वेळीच बारीक चिरून टाकावीत. आधी टाकल्यास पाने काळवंडतात व त्यांचा वास उतरतो.

गारवा : मातीच्या पसरट कुंड्यात ओली वाळू घालून तीत भांडे बसवावे, वर ओले फडके टाकावे व ते वाऱ्यावर, सावलीत ठेवावे. पाणी उडून जाताना भांड्यातील उष्णता ओढून घेते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत पाणी सावकाश उडत असल्याने गारवा कमी येतो. मठ्ठा त्याच दिवशी संपवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्याचे प्रात्यक्षिक महिला मंडळात करून दाखवावे आणि एक इशारा अवश्य द्यावा. मठ्ठा हे उष्माघातावरील औषध नव्हे. उन्हात काम करणारा मनुष्य बरळू लागला, बेशुद्ध पडला किंवा त्याचे अंग अतिशय तापले, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे. मठ्ठ्याचे स्थान त्याच्या आधी, कामाच्या मधल्या विसाव्यात आहे.