महागडं पिस्तूल : पैसे नेमके कशाचे?

हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर स्ट्राइक १.६ खेळलेल्या कुणालाही शस्त्रांचा बाजारभाव तोंडपाठ असतो. ग्लॉक ४०० डॉलर, डेझर्ट ईगल ६५० डॉलर. जे महाग ते जास्त मारतं, हिशोब संपला. खऱ्या दुकानात मात्र हिशोब असा सरळ नाही. अमेरिकेत ग्लॉक १७ साधारण पाचशे-सहाशे डॉलरला मिळतं. त्याच काउंटरवर विल्सन कॉम्बॅट किंवा नाइटहॉक कस्टम या कंपन्यांची, हातानं जुळवलेली '१९११' पद्धतीची पिस्तुलं तीन हजारांच्या पुढे सुरू होतात. दोन्हींत गोळी तीच ९ मि.मी.ची घालता येते, आणि ती लागली तर परिणामही तोच. मग वरचे अडीच हजार डॉलर कशाचे?

एरवी हा प्रश्न मेसमध्ये गप्पा मारायला ठीक आहे. पण आमच्या विंगमध्ये तो जरा गंभीर झालाय. सेकंड इयरचा एक ज्युनिअर, कोल्हापूरचा, १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. खोलीत राही सरनोबतचा फोटो. क्लबच्या पिस्तुलावर त्याचा स्कोअर ६०० पैकी ५४० च्या आसपास असतो. त्याला इम्पोर्टेड पिस्तूल घेऊन द्यायचं त्याच्या वडिलांनी मनावर घेतलंय. किंमत लाखाच्या बरीच पुढे, आणि त्यासाठी मोडायची एफडी धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली. "दादा, तू मेकॅनिकलचा ना, खरंच एवढा फरक पडतो का सांग," असं त्यानं विचारलं. त्याला तोंडी दिलेलं उत्तर इथे जरा नीट मांडतोय.

सुरुवात वर्कशॉपपासून करू. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब सगळ्यांनी केलाय. एम.एस.च्या दोन पट्ट्या, एकीत खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ. फाइलनं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. शेवटी तुझी जीभ तुझ्या खाचेत छान बसते, पण शेजारच्याच्या खाचेत बसत नाही. कारण तू मापाला घासलेलं नसतंस, जोडीला घासलेलं असतंस. महागड्या पिस्तुलाची निम्मी गोष्ट इथेच आली. उरलेली गोष्ट टॉलरन्सची. (टॉलरन्सला मराठीत काय म्हणायचं म्हणून डिक्शनरी पाहिली, तर 'सहिष्णुता' मिळालं. ते अग्रलेखात शोभेल, तेव्हा इथे टॉलरन्सच.)

पिस्तुलात गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते, बॅरल लॉकमधून सुटतं, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि सगळं पुन्हा जागेवर येतं. 'जागेवर' म्हणजे दर वेळी अगदी त्याच जागेवर आलं तर गोळ्या एका ठिकाणी पडतील. नेम धरायचे साइट्स स्लाइडवर असतात, त्यामुळे स्लाइड आणि बॅरल यांच्यातली फट सगळ्यात महत्त्वाची. स्लाइड आणि खालच्या फ्रेममधली फट त्यामानानं कमी नडते. कस्टम पिस्तूल बनवणारा कारागीर या फटी जोडीजोडीनं घासून जवळपास शून्यावर आणतो. विल्सन कॉम्बॅट २५ यार्डांवर एक इंचात गोळ्या बसतील अशी हमी देतं. ती हमी म्हणजे त्या कारागिराचे तास.

गंमत अशी की मूळ १९११ चा लौकिक नेमका उलट कारणानं होता. जॉन ब्राउनिंगच्या या डिझाइनची मार्च १९११ मध्ये अमेरिकन लष्करानं परीक्षा घेतली, तेव्हा त्यानं ६,००० गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या. लष्करासाठी बनलेली ही पिस्तुलं पुढे सैल म्हणूनच ओळखली गेली. हलवलं तर खडखडतं अशीच त्यांची ख्याती, पण चिखल गेला तरी चालायचं. दुसऱ्या महायुद्धात ती बनवणाऱ्यांत टायपरायटरवाली रेमिंग्टन रँड होती. शिलाई मशीनवाल्या सिंगरनंही ५०० बनवली. सुटे भाग एकमेकांत बसावेत एवढाच आग्रह. आज तीन-चार हजार डॉलर देऊन लोक तेच डिझाइन घट्ट करून घेतात!

पण या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर स्वित्झर्लंडनं दिलंय असं मला वाटतं. १९४९ मध्ये स्विस सैन्यानं एसआयजी कंपनीचं एक पिस्तूल घेतलं. पुढे ते पी २१० म्हणून जगप्रसिद्ध झालं. त्यात स्लाइड फ्रेमच्या बाहेरून न धावता आतल्या खाचांतून धावते, त्यामुळे तिला लांबलचक आधार मिळतो. स्लाइड आणि फ्रेम जोडीनं जुळवलेल्या, दोघींवर एकच नंबर. लष्करी पिस्तुलांतलं सगळ्यात अचूक म्हणून आजही त्याचं नाव घेतात. आणि २६ वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच स्विस सैन्यानं त्याच्या जागी पी २२० आणलं. त्याची स्लाइड पत्रा दाबून केलेली, फ्रेम ॲल्युमिनियमची. बनवायला स्वस्त, अचूकता 'पुरेशी'. घड्याळं बनवणाऱ्या, नेमबाजी हा राष्ट्रीय छंद असलेल्या श्रीमंत देशानं हे केलं. पी २१० वाईट निघालं म्हणून नव्हे. सैनिकाच्या हातात त्या जास्तीच्या अचूकतेचं काहीच उरत नव्हतं म्हणून. १९८२ मध्ये शेजारच्या ऑस्ट्रियानं तर त्याच्याही पुढे जाऊन, आधी एकही पिस्तूल न बनवलेल्या गॅस्टन ग्लॉकचं प्लॅस्टिकच्या फ्रेमचं पिस्तूल निवडलं. एकूण भाग ३४ च्या आसपास, घासाघासी शून्य.

अचूकता 'उरत नाही' म्हणजे काय? इथे मेट्रोलॉजीतला एक साधा फंडा कामाला येतो. दोन स्वतंत्र चुका एकत्र आल्या की त्यांची बेरीज होत नाही. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं. समजा, घाबरलेल्या माणसाच्या हातात गोळ्या ३० सें.मी. पसरतात. पिस्तुलाची स्वतःची चूक ८ सें.मी. असेल तर एकूण पसारा ३१ सें.मी., आणि अडीच असेल तर ३०.१ सें.मी. म्हणजे अडीच हजार डॉलरमध्ये एक सेंटिमीटर. मोठी चूक छोट्या चुकीला गिळून टाकते. ज्याला छंद म्हणून, वस्तू म्हणून ते पिस्तूल हवंय त्यानं खुशाल घ्यावं. हातानं जुळवलेल्या यंत्राचं कौतुक मलाही आहे. पण जीव वाचवायला घेतोय असं म्हणू नये.

आता हेच आपल्या ज्युनिअरला लावू. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मि.मी. असतो आणि छर्रा ४.५ मि.मी.चा. रेषेला स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचं केंद्र मध्यापासून ८ मि.मी.च्या आत हवं. पुढची प्रत्येक रिंग आणखी ८ मि.मी. बाहेर. ५४० म्हणजे सरासरी नऊ, म्हणजे त्याचा छर्रा मध्यापासून सरासरी १२ मि.मी. दूर पडतो. साध्या पिस्तुलाची चूक ३ मि.मी. आणि महागड्याची १ मि.मी. धरू. एकूण चूक १२.३७ आणि १२.०४. फरक तेहतीस शतांश मिलिमीटर! ८ मि.मी.ला एक गुण या हिशोबानं साठ शॉट्समध्ये फार तर अडीच गुण. तोच मुलगा उद्या ५७५ च्या आसपास पोचला, म्हणजे त्याची स्वतःची चूक ७ मि.मी.वर आली, की त्याच दोन पिस्तुलांत चार गुणांचा फरक पडतो. हिशोब ठोकळ आहे, पण दिशा बघा : जो चांगला खेळतो त्यालाच चांगलं पिस्तूल जास्त देतं.

आणि चार गुण म्हणजे किती, हे मनू भाकरच्या उदाहरणावरून कळतं. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, स्कोअर झाला ५७५, नंबर बारावा, फायनल हुकली दोन गुणांनी. पिस्तूल काही स्वस्तातलं नव्हतं. लाखोंचं यंत्रही यंत्रच असतं, त्यात तुटणारा एक छोटा भाग असतोच. २८ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं याच प्रकारात कांस्य मिळवलं. त्याच ऑलिंपिकमधला खिशात हात घातलेला तुर्की नेमबाज युसुफ दिकेच आठवतो ना? 'काही साधनं नसताना रौप्य' म्हणून त्याचा फोटो सगळीकडे फिरला. त्याच्या डोळ्यांवर खास लेन्स नव्हती हे खरं, पण हातातलं एअर पिस्तूल स्पर्धेसाठीच बनवलेलं होतं, जत्रेतलं नव्हतं.

मग एवढं महाग पिस्तूल हे सगळे का वापरतात? कारण वरच्या गणितात एक गृहीतक लपलंय. दोन्ही चुका 'स्वतंत्र' आहेत असं आपण धरलं. एअर पिस्तुलाचं बॅरल तर हलतच नाही, ते पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे फटी घासायचा प्रश्नच नाही. पैसे जातात ते ट्रिगरमध्ये, ग्रिपमध्ये आणि प्रत्येक शॉटला हवा सारखी सोडणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. आता पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सें.मी. अंतर असतं, टार्गेट १० मीटरवर. ट्रिगर दाबताना पुढचा साइट पाव मिलिमीटर जरी सरकला तरी छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहा गेल्यातच जमा. अडकत, खरखरत सुटणारा ट्रिगर ही पिस्तुलाची चूक कधी मोजली जात नाही. ती खेळाडूच्या नावावर जमा होते. त्या बारा मिलिमीटरमधले काही मिलिमीटर खरं तर ट्रिगरचे आणि हातात न बसणाऱ्या ग्रिपचे असतात.

म्हणून ज्युनिअरला मी म्हटलं, आधी फक्त ग्रिप स्वतःची घे, क्लबचंच पिस्तूल वापर. नेमबाज लाकडी ग्रिपवर पुट्टी भरतात आणि वाळली की आपल्या हाताच्या मापानं फाइल मारतात. फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब वाया गेला नाही म्हणायचा. यावर तो म्हणाला, "दादा, क्लबचं पिस्तूल आठवड्यातून तीनच दिवस मिळतं." हा मुद्दा माझ्या गणितात नव्हता, आणि तो बिनतोड आहे. मॅच पिस्तुलात छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव करता येतो, त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. रोज रात्री खोलीत भिंतीसमोर उभं राहून अर्धा तास ते करायचं तर पिस्तूल स्वतःचंच हवं.

तेव्हा आता ठरलंय ते असं. नवं, वरच्या श्रेणीचं घ्यायचं नाही. चांगल्या ट्रिगरचं जुनं बघायचं, म्हणजे एफडी अर्धीच मोडेल. उरलेल्यात छरे आणि रेंजची फी. जुनं घेताना एक गोष्ट आवर्जून बघायची : हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, आणि दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. गेल्या रविवारी आलेल्या पिस्तुलाचा सिलिंडर नऊ वर्षांचा निघाला. ज्युनिअरच्या वडिलांनी नव्या सिलिंडरची किंमत वजा करून भाव सांगितलाय, समोरच्याचा फोन अजून यायचाय.